रक्तातील कॅल्शियम-न्यूनता : निदान, शरीरक्रिया आणि आनुवंशिकी यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

मानवी शरीरात साधारणपणे एक किलोग्रॅम कॅल्शियम असते. त्यापैकी सुमारे ९९ टक्के हाडे व दात यांत साठलेले असते. रक्तात आणि पेशीबाह्य द्रवात फिरणारा भाग अत्यंत अल्प असला तरी स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेशवहन, हृदयाचे स्पंदन आणि रक्ताचे साकळणे या सर्व क्रिया त्याच्यावर अवलंबून असतात. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे साधारणतः ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि दिवसभर आहार कितीही बदलला तरी ही पातळी फारशी हलत नाही. ती खाली घसरली की प्रथम ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, नंतर हातापायांत गोळे येतात, मनगटे आत वळतात. न्यूनता तीव्र असल्यास स्वरयंत्र आवळले जाते आणि फेफरेही येते. या स्थितीला वैद्यकात टेटनी म्हणतात.

कॅल्शियम-न्यूनतेची संख्या एकच असली तरी तिची कारणे अनेक आहेत. ग्रंथी नसणे, ग्रंथी असून संप्रेरक न बनणे, संप्रेरक असून शरीराने त्याला दाद न देणे, किंवा कॅल्शियम मोजणारी यंत्रणाच चुकीच्या पातळीवर लागलेली असणे, या चारही गोष्टींतून प्रयोगशाळेच्या कागदावर सारखाच आकडा उमटू शकतो. हे भेद समजण्यास वैद्यकशास्त्राला सुमारे दीडशे वर्षे लागली. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे :

१. टेटनी या लक्षणसमूहापासून कॅल्शियम-न्यूनता या संकल्पनेपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेणे.
२. परावटू ग्रंथी व तिचे संप्रेरक यांच्या शोधाची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३. या विकाराच्या आनुवंशिक प्रकारांचे आकलन कसे विकसित झाले ते पाहणे.
४. या ज्ञानाचा रुग्णाच्या उपचारावर झालेला परिणाम तपासणे.

लक्षणांचा काळ :

टेटनीची सुस्पष्ट वर्णने १८३० च्या सुमारास जर्मनी व फ्रान्स येथे प्रसिद्ध होऊ लागली. ल्यूसियाँ कॉर्व्हिसार या फ्रेंच वैद्याने १८५२ मध्ये या विकाराला 'टेटनी' हे नाव दिले. पॅरिसमधील आर्माँ त्रूसो यांना अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये हा विकार वारंवार आढळला. रक्तमोक्षणासाठी दंडावर पट्टी आवळली असता हाताची बोटे एकत्र येऊन मनगट वळते, हे त्यांच्या ध्यानात आले. १८६१ मध्ये नोंदवले गेलेले हे चिन्ह आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १८७६ मध्ये फ्रांटिशेक ख्वोस्टेक यांनी कानापुढे चेहऱ्याच्या मज्जातंतूवर टिचकी मारल्यास गालाचे स्नायू फडफडतात, हे दाखवून दिले.

या सर्व निरीक्षणांत कॅल्शियमचा उल्लेख कोठेही नाही. व्हिएन्नामध्ये जोडे शिवणारे आणि शिंपीकाम करणारे कारागीर हिवाळ्याच्या अखेरीस मोठ्या संख्येने या विकाराने पछाडले जात. त्यामुळे तो विशिष्ट व्यवसायाचा रोग मानला गेला. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून काम करणारे हे लोक सूर्यप्रकाशाला मुकलेले होते आणि त्यांना ड जीवनसत्त्वाचा अभाव असावा, हा अर्थ पुढील शतकातील संशोधनामुळेच लावता आला. चिन्हे अचूक टिपली गेली होती, परंतु त्यांना जोडणारे सूत्र हाती आलेले नव्हते.

परावटू ग्रंथीचा शोध :

या ग्रंथीच्या इतिहासाचा आरंभ एका भारतीय गेंड्यापासून होतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८३४ मध्ये विकत घेतलेला हा गेंडा १८४९ मध्ये मरण पावला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचे शवविच्छेदन केले. अवटू ग्रंथीला चिकटलेला एक लहान, घट्ट, पिवळसर पिंड त्यांना दिसला आणि १८५० मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी त्याची नोंद केली. अवाढव्य प्राण्याच्या वर्णनातील या एका वाक्याकडे त्या वेळी कोणाचे लक्ष गेले नाही.

पुढे स्वीडनमधील उप्साला येथे इव्हार सांडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला १८७७ मध्ये कुत्र्याच्या अवटू ग्रंथीलगत अशीच एक गाठ आढळली. त्याने मांजर, ससा, बैल, घोडा आणि अखेर पन्नास मानवी शवे तपासली. १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने या पिंडांना 'पॅराथायरॉइड', म्हणजे अवटूच्या शेजारची ग्रंथी, असे नाव दिले. मराठी परिभाषेतील 'परावटू' हा शब्द त्याच अर्थाचा आहे. मानवी शरीररचनेतील हा शोध त्याच्या हयातीत जवळजवळ दुर्लक्षित राहिला. सांडस्ट्रॉमने १८८९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, आत्महत्या केली.

ग्रंथी सापडली होती, पण तिचे कार्य कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच सुमारास गलगंडाच्या शस्त्रक्रिया वाढत होत्या. १८७९ मध्ये आन्टोन व्योल्फ्लर यांनी व्हिएन्नातील बिलरोट यांच्या रुग्णालयात संपूर्ण अवटू काढल्यानंतर टेटनी झालेल्या रुग्णाची नोंद केली. स्वित्झर्लंडमधील थेओडोर कोखर यांच्या रुग्णांमध्ये मात्र टेटनी क्वचित दिसे. त्यांच्यात सुस्ती, सूज आणि बुद्धिमांद्य ही अवटूच्या अभावाची लक्षणे दिसत. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी या फरकाची पुढे उकल केली. कोखर सावकाश व रक्तस्राव टाळत अवटू सोलून काढत, त्यामुळे शेजारच्या ग्रंथी वाचत. बिलरोट यांच्या वेगवान पद्धतीत त्या अवटूबरोबरच निघून जात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटे. हॉल्स्टेड व हर्बर्ट इव्हान्स यांनी १९०७ मध्ये या ग्रंथींच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो या अनुभवाच्या पार्श्वभूमीवरच.

प्रायोगिक पुरावा फ्रान्समध्ये एजेन ग्ले यांनी १८९१ मध्ये दिला. सशाची अवटू काढली तरी तो जगतो, मात्र बाजूच्या लहान ग्रंथीही काढल्या तर त्याला टेटनी होते, हे त्यांनी दाखविले. १८९६ मध्ये इटलीतील व्हासाले व जेनेराली यांनी मांजरे व कुत्रे यांच्या केवळ परावटू ग्रंथी काढून तोच परिणाम घडवून आणला. टेटनीचा संबंध परावटूशी आहे, हे येथे निश्चित झाले.

कॅल्शियम की विष ?

टेटनी नेमकी कशामुळे होते, याविषयी दोन मते होती. पहिल्या मतानुसार परावटू ग्रंथी शरीरातील एखादे विष नष्ट करते आणि ती काढल्यावर ते विष साचते. दुसरे मत कॅल्शियमचे होते. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये बेडकाच्या विलग हृदयावर प्रयोग करून हृदयाच्या आकुंचनास कॅल्शियम आवश्यक असल्याचे सिद्ध केले होते. जॉन्स हॉपकिन्स येथील विल्यम मॅकॅलम व कार्ल फोग्टलिन यांनी परावटू काढलेल्या कुत्र्यांच्या रक्तात व ऊतींत कॅल्शियम कमी असल्याचे पाहिले. त्यांनी टेटनीने तडफडणाऱ्या कुत्र्याच्या शिरेत कॅल्शियमचे द्रावण दिले असता काही मिनिटांतच आचके थांबले. हे संशोधन १९०९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले.

तरीही वाद मिटला नाही. १९१७ मध्ये ग्लासगोमधील नोएल पेटन व सहकाऱ्यांनी ग्वानिडीन या पदार्थाच्या विषबाधेमुळे टेटनी होते, असा सिद्धान्त मांडला. ग्वानिडीन टोचलेल्या प्राण्यांत टेटनीसारखी लक्षणे दिसत असल्याने या मताला वजन आले. कॅल्शियमने आराम पडतो म्हणून कॅल्शियमचा अभाव हेच कारण ठरत नाही, हा त्यांचा आक्षेप तर्कदृष्ट्या चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर मोजमापातूनच मिळणार होते. १९२१ मध्ये क्रेमर व टिस्डॉल यांनी रक्तरसाच्या अल्प नमुन्यातील कॅल्शियम मोजण्याची सोपी पद्धत दिली. १९२५ मध्ये कॅनडातील जेम्स कॉलिप यांनी परावटूचा प्रभावी अर्क तयार केला. इन्सुलिनच्या शुद्धीकरणातही त्यांचा वाटा होता. हा अर्क दिल्यावर कुत्र्याच्या रक्तातील कॅल्शियम वाढे व टेटनी टळे. अमेरिकेतील ॲडॉल्फ हॅन्सन यांनी त्याआधीच असा अर्क मिळविला असल्याने श्रेयाचा वाद झाला. विषाचा सिद्धान्त मात्र यानंतर मागे पडला.

रक्तातील एकूण कॅल्शियमपैकी जवळपास निम्मे प्रथिनांना व इतर घटकांना बांधलेले असते आणि उरलेले मुक्त आयनरूपातील कॅल्शियमच शरीरक्रियेवर प्रभाव पाडते, हे मॅक्लीन व हेस्टिंग्ज यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी मोजपट्टी म्हणून बेडकाचे हृदयच वापरले. रक्तातील अल्ब्युमिन कमी असल्यास एकूण कॅल्शियम कमी दिसूनही रुग्णाला टेटनी का होत नाही, याचा उलगडा त्यातून झाला.

सूर्यप्रकाश, मुडदूस आणि नाशिकचा अभ्यास :

कॅल्शियम-न्यूनतेचा दुसरा प्रवाह मुडदूस व अस्थिमार्दव या रोगांतून येतो. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी आहारातील घटकाचे आणि बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांचे महत्त्व दाखविले. या चर्चेत महाराष्ट्राचाही संबंध येतो. हचिसन व शहा यांनी नाशिक भागात केलेला अभ्यास १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हात राबणाऱ्या गरीब कुटुंबांचा आहार निकृष्ट असूनही त्यांच्यात मुडदूस आढळत नव्हता. पडदा पाळणाऱ्या सुस्थितीतील कुटुंबांत मात्र तो मुलांमध्ये व तरुण स्त्रियांमध्ये दिसत होता. उन्हाच्या देशात सूर्यप्रकाशाचा अभाव सामाजिक रूढीमुळे निर्माण होऊ शकतो, ही बाब त्यातून अधोरेखित झाली. घरात राहून अंगावर पाजणाऱ्या मातांना होणारी टेटनी ही त्रूसो यांची नोंद या संदर्भात नव्याने वाचता येते.

आल्ब्राइट आणि दाद न देणारे शरीर :

१९२९ मध्ये बॉस्टनचे फुलर आल्ब्राइट व रीड एल्सवर्थ यांनी शस्त्रक्रियेवाचून परावटूचे कार्य मंदावलेल्या रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. परावटूचा अर्क टोचल्यावर त्याच्या लघवीतून फॉस्फेट मोठ्या प्रमाणात बाहेर पडले आणि त्यानंतर कॅल्शियम वाढले. ज्याच्यात संप्रेरक नाही त्याला ते बाहेरून दिले की शरीर प्रतिसाद देते, हे तत्त्व पुढे निदानासाठी वापरले जाऊ लागले.

१९४२ मध्ये आल्ब्राइट व सहकाऱ्यांनी तीन अपवादात्मक रुग्णांची माहिती दिली. बुटका बांधा, गोल चेहरा, हाताची काही हाडे आखूड आणि रक्तात कॅल्शियम कमी, असे हे रुग्ण होते. अर्क टोचूनही त्यांच्यात अपेक्षित बदल झाला नाही. ग्रंथी संप्रेरक बनवीत असून शरीरच त्याला दाद देत नाही, असे अनुमान आल्ब्राइट यांनी काढले आणि या विकाराला 'छद्म परावटू-न्यूनता' म्हटले. त्यासाठी त्यांनी सीब्राइट जातीच्या कोंबड्याचे उदाहरण घेतले. या कोंबड्याला नर-संप्रेरक असूनही पिसे कोंबडीसारखी असतात. त्वचेत नर-संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात अधिक रूपांतर होत असल्याने असे घडते, असे पुढील संशोधनात दिसले. म्हणजे दाखला फसला, पण सिद्धान्त टिकला. संप्रेरकाचा अभाव आणि संप्रेरकाला प्रतिसाद नसणे या भिन्न गोष्टी आहेत, हे मानवी रोगाच्या आधारे इतक्या स्पष्टपणे मांडणारा हा आरंभीचा निबंध होय.

१९५२ मध्ये आल्ब्राइट यांनी आणखी एक कोडे समोर ठेवले. काही व्यक्तींचा बांधा हुबेहूब तसाच असतो, परंतु रक्तातील कॅल्शियम मात्र पूर्णपणे प्राकृत असते. अनेकदा या व्यक्ती एकाच कुटुंबातील असत. या कोड्याचे उत्तर मिळण्यास आणखी चार दशके जावी लागली.

जनुकांचा काळ :

१९६९ मध्ये चेस, मेल्सन व ऑरबाख यांनी दाखविले की परावटू संप्रेरक दिल्यावर निरोगी व्यक्तीच्या लघवीत वाढणारा चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू छद्म विकाराच्या रुग्णांत वाढत नाही. दोष पेशीच्या आत संदेश पोहोचविणाऱ्या साखळीत असल्याचे स्पष्ट झाले. १९८० मध्ये या साखळीतील जी-प्रथिनाची न्यूनता आढळली आणि १९९० मध्ये त्याच्या जनुकातील उत्परिवर्तने सापडली. हे जनुक विसाव्या गुणसूत्रावर असून 'जीएनएएस' या नावाने ओळखले जाते.

१९९३ मध्ये डेव्हिस व ह्यूज यांनी कुटुंबांच्या वंशावळी तपासून महत्त्वाचा निष्कर्ष काढला. दोष मातेकडून आला तर अपत्याला कॅल्शियम-न्यूनतेसह पूर्ण विकार होतो. तोच दोष पित्याकडून आला तर केवळ शारीरिक ठेवण दिसते. मूत्रपिंडाच्या विशिष्ट भागात मुख्यतः मातेकडून आलेली प्रत कार्यरत असते आणि पित्याकडील प्रत निष्क्रिय राहते. या घटनेला जनुकीय मुद्रांकन म्हणतात. त्यामुळे एखाद्या पुरुषाकडून त्याच्या मुलीकडे दोष गेला तर तिच्या रक्तातील कॅल्शियम प्राकृत राहते. मात्र तिच्या प्रत्येक अपत्यास पूर्ण विकार होण्याची शक्यता निम्मी असते. १९५२ मधील कोडे अशा रीतीने सुटले.

ग्रंथीतील दोषांचाही याच काळात उलगडा झाला. ८४ ॲमिनो आम्लांच्या परावटू संप्रेरकाचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या पूर्वरूपातील संकेतभागाचे उत्परिवर्तन १९९० मध्ये एका कुटुंबात आढळले. अँजेलो डिजॉर्ज यांनी १९६० च्या दशकात वर्णिलेल्या विकारात परावटू व थायमस ग्रंथींची वाढ अपुरी राहते, तसेच हृदयातही दोष असू शकतात. त्याचे कारण बहुतेकदा बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा गळून पडणे हे असते. १९९७ मध्ये 'एआयआरई' जनुक ओळखले गेले. त्यातील दोषामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला करते. परावटूच्या घडणीस आवश्यक असलेल्या 'जीसीएम-२' जनुकातील दोष २००१ मध्ये मानवात नोंदला गेला.

सर्वांत दूरगामी शोध १९९३ मधील होय. एडवर्ड ब्राउन, स्टीव्हन हेबर्ट व सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंडपेशींचा उपयोग करून गाईच्या परावटूतील कॅल्शियम-संवेदी ग्राहीचे जनुक वेगळे केले. रक्तातील कॅल्शियम मोजणारा हा ग्राही पातळी पुरेशी असल्यास संप्रेरकाचे स्रवण थांबवितो. मूत्रपिंडातही तो असतो व तेथे कॅल्शियम किती राखायचे हे ठरवितो. हा ग्राही मंद झाला तर रक्तातील कॅल्शियम वाढते. तो अतिसंवेदनशील झाला तर थोडे कॅल्शियमही त्याला पुरेसे वाटते आणि पातळी कायम खाली राहते. या दुसऱ्या प्रकारास कारणीभूत असलेले उत्परिवर्तन १९९४ मध्ये सिद्ध झाले. हा विकार प्रभावी आनुवंशिकतेने पुढील पिढीत जातो. २०१३ मध्ये ग्राहीचा संदेश पुढे नेणाऱ्या 'जीएनए-११' जनुकातही असे दोष आढळले.

उपचारांवरील परिणाम :

जनुकीय भेदांचे महत्त्व केवळ सैद्धान्तिक नाही. परावटू-न्यूनतेच्या रुग्णास कॅल्शियम व सक्रिय ड जीवनसत्त्व देऊन रक्तातील पातळी वाढविणे हा रूढ उपचार आहे. परंतु अतिसंवेदनशील ग्राही असलेल्या व्यक्तीचे मूत्रपिंड रक्तातील थोडी वाढही जादा समजून कॅल्शियम लघवीत सोडते. १९९६ मध्ये सायमन पीअर्स व सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आकडा प्राकृत करण्याच्या प्रयत्नात या रुग्णांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम साचले व त्यांचे कार्य बिघडले, असे त्यात आढळले. लक्षणे नसलेल्या व्यक्तीचा आकडा दुरुस्त करण्याचा हट्ट धरू नये, हा धडा त्यातून मिळाला.

निदानातील दुसरा धोका फेफऱ्याचा आहे. कॅल्शियम-न्यूनतेमुळे येणारे झटके अपस्मारासारखेच दिसतात. रक्तातील कॅल्शियम तपासले नाही तर रुग्णाला वर्षानुवर्षे अपस्माराची औषधे दिली जातात. फेनिटॉइन, फेनोबार्बिटॉन यांसारखी औषधे ड जीवनसत्त्वाचे विघटन वाढवितात, त्यामुळे मूळ न्यूनता आणखी बळावू शकते. दरम्यान डोळ्यांत मोतीबिंदू आणि मेंदूच्या तळाशी कॅल्शियमचे थर साचत जातात. एका साध्या रक्तचाचणीने टळू शकणारे हे नुकसान आहे.

इन्सुलिन १९२२ मध्ये रुग्णांना मिळू लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी सिद्ध झालेला परावटूचा अर्क मात्र नियमित उपचार होऊ शकला नाही. पूर्ण लांबीचे कृत्रिम परावटू संप्रेरक अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाले. उत्पादनातील अडचणींमुळे ते २०१९ मध्ये तेथील बाजारातून मागे घ्यावे लागले आणि २०२४ च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबविण्यात आले. दिवसातून एकदा टोचावयाचे दीर्घप्रभावी पॅलोपेगटेरिपॅराटाइड हे औषध युरोपात २०२३ मध्ये व अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झाले. ग्राहीची अतिसंवेदनशीलता कमी करणाऱ्या औषधांच्याही मानवी चाचण्या झाल्या आहेत. तेथे उपचार थेट मूळ दोषावर रोखलेला आहे.

निष्कर्ष :

१. टेटनीची चिन्हे एकोणिसाव्या शतकातच अचूक टिपली गेली, परंतु रक्तातील कॅल्शियम मोजता येऊ लागल्यानंतरच कारणमीमांसेतील वाद मिटू शकला.
२. परावटू ग्रंथीचे कार्य मुख्यतः अवटूवरील शस्त्रक्रियांच्या दुष्परिणामांतून उलगडले. आजही प्रौढांतील परावटू-न्यूनतेचे सर्वांत मोठे कारण मानेवरील शस्त्रक्रिया हेच आहे.
३. आल्ब्राइट यांच्या अभ्यासामुळे संप्रेरकाचा अभाव व संप्रेरकाला प्रतिसादाचा अभाव यांत भेद करता आला. आनुवंशिकीने या भेदाला रेणूंच्या पातळीवर आधार दिला.
४. नाशिक येथील अभ्यास दाखवितो की या न्यूनतेची मुळे राहणीमान व सामाजिक रूढी यांतही असतात, म्हणून जनुकीय कारणांचा शोध घेताना आहार व सूर्यप्रकाश यांची चौकशी वगळता येत नाही.
५. कॅल्शियमचा एकच आकडा परस्परविरोधी उपचारांची गरज असलेल्या विकारांत आढळू शकतो. त्यामुळे पातळी किती खाली आहे याबरोबरच ती का खाली आहे, याचे उत्तर मिळविणे उपचारापूर्वी आवश्यक ठरते.